पोटरीत गोळा का येतो? रात्रीची ती कळ, तिची कारणे आणि उपाय

रात्री दोन-अडीचची वेळ. झोपेत माणूस पाय ताणतो आणि पोटरीत असा गोळा येतो की ओरडतच उठून बसतो. हात लावला तर पोटरी दगडासारखी लागते. आपल्याकडे कुणी म्हणते नस चढली, कुणी म्हणते शीर आखडली. जुनी माणसे पेटके म्हणतात, वांब म्हणतात. एक-दोन मिनिटांत कळ ओसरते, पण पोटरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकत राहते.

हे दुखणे कुणी फारसे मनावर घेत नाही. आम्हीही घेत नव्हतो. मग आमच्या घरीच अम्मी एका रात्री गोळा आला म्हणून घाईघाईने खाटेवरून उठल्या, पाय टेकवला तो टेकलाच नाही आणि त्या पडल्या. मनगटाचे हाड मोडले. पायाची कळ दोन मिनिटांत गेली, हाताला प्लास्टर मात्र दीड महिना होते. तेव्हापासून हा विषय आम्ही डॉक्टरांना खोदून खोदून विचारत आलो. जे समजले ते इथे एकत्र मांडतोय.

पहिली गोष्ट, यात नस चढत नाही. नस जागच्या जागीच असते. स्नायूला आखडायचा हुकूम मज्जातंतूंकडून जातो. हा हुकूम थांबायला हवा तेव्हा थांबत नाही, तंतू भराभर संदेश सोडत राहतात आणि स्नायू आवळून धरला जातो. आता तो पोटरीतच आणि रात्रीच का? झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, चवडा पुढे गेलेला असतो. त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. आखूड स्नायूला आणखी आखडायचा हुकूम मिळाला की गोळा तयार. जड रजई पायाखाली खोचून झोपणाऱ्यांचे पाऊल त्या वजनाने खाली दाबले जाते, म्हणून थंडीत काहींना त्रास वाढल्यासारखा वाटतो. वय वाढते तसे स्नायू आणि कंडरा आखूड होतात, त्यामुळे पन्नाशी-साठीनंतर ही तक्रार जास्त. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती तरुण मुलींनाही होते.

गोळा आला की लगेच काय करायचे?

स्नायू आखडलाय, तर त्याला ताणायचे. एवढेच, आणि हेच सर्वात लवकर काम करते. गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटे नडगीकडे, म्हणजे स्वतःच्या तोंडाच्या दिशेने ओढा. हात पोहोचत नसेल तर ओढणी किंवा टॉवेल चवड्याखाली अडकवून दोन्ही टोके आपल्याकडे खेचा. झटका देऊ नका, हळूहळू ताण वाढवा. बोटे उलट दिशेला ताणली तर गोळा आणखी घट्ट होतो, आणि घाबरलेला माणूस नेमके तेच करतो. शेजारी झोपलेल्याने टाच एका हातात धरून दुसऱ्या हाताने चवडा वर ढकलला तरी चालते.

उभे राहता येत असेल तर टाच जमिनीवर पूर्ण टेकवून त्या पायावर वजन द्या. पण आधी खाटेच्या कडेला बसा, भिंत किंवा खिडकीचा गज धरा, मग उठा. वय झालेल्यांनी तर बसूनच पाय ताणावा. रात्री खोलीत छोटा दिवा असू द्या. कळ गेल्यावर पोटरी हलक्या हाताने चोळा, गरम पाण्याच्या पिशवीने शेका. साखर असणाऱ्यांनी पिशवी जपून वापरावी. पायाची संवेदना कमी झालेली असते आणि चटका कळत नाही. दोरी आवळून बांधणे हा गावाकडचा उपाय मात्र सोडून द्या, त्याने फक्त रक्त अडते.

गोळा येऊच नये म्हणून

यावर औषधांच्या मागे लागण्याआधी एक फुकटचा व्यायाम करून बघा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, तळवे भिंतीला लावा. एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. आता अंग भिंतीकडे झुकवा. पोटरीत ताण जाणवला की दहा सेकंद थांबा. प्रत्येक पायाला तीन वेळा, झोपायला जायच्या अगदी आधी. त्यानंतर मांडीचा मागचा भागही ताणून घ्यायचा : टाच खुर्चीवर किंवा पायरीवर ठेवा आणि पाठ ताठ ठेवून पुढे वाका. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या वरच्या ८० जणांवर हाच प्रयोग झाला होता. रोज झोपण्यापूर्वी पाय ताणणाऱ्यांना सहा आठवड्यांनी गोळे कमी वेळा आले आणि आले तरी कळ कमी होती. चार दिवस करून 'काही फरक नाही' म्हणणाऱ्यांसाठी सहा आठवडे हा आकडा महत्त्वाचा आहे.

मॅग्नेशियमच्या गोळ्या सध्या मेडिकलवर जोरात खपतात. आम्हाला त्याबद्दल सर्वात जास्त विचारणा होते. खरे सांगायचे तर वयस्कर माणसांच्या रात्रीच्या गोळ्यांवर त्यांचा उपयोग झाल्याचे नीट केलेल्या चाचण्यांत दिसलेले नाही. गरोदर बायकांच्या बाबतीत निकाल उलटसुलट आहेत, म्हणून तिथे आपल्या मनाने नको, डॉक्टरीण बाईंना विचारा. किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम शरीरात साठते आणि अपाय होतो.

क्विनीनची गोष्ट आणखी गंभीर. मलेरियाचे हे जुने औषध पूर्वी गोळ्यांसाठी सर्रास दिले जायचे. गोळे थोडे कमी होतातही. पण काही लोकांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स अचानक घसरतात, हृदयाचे ठोके बिघडतात, जीव जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ च्या अखेरीस क्विनीनची मंजुरी नसलेली औषधे बाजारातून हटवायला सांगितली, आणि २०१० मध्ये पुन्हा बजावले की पायाच्या गोळ्यांसाठी ते देऊ नका. कुणी जुनी चिठ्ठी दाखवून आणून देत असेल तर घेऊ नका.

पाणी, मीठ आणि उन्हाळा

घामाने येणारे गोळे हा वेगळा प्रकार आहे आणि मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांना तो सांगायची गरज नाही. पत्र्याचे छप्पर, मे महिना, बारा तासांची पाळी, त्यातले बहुतेक तास उभ्याने. घामातून नुसते पाणी जात नाही, मीठही जाते. १९२० च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळशाच्या तापलेल्या खाणींत हाच प्रश्न होता. मजूर पोटभर पाणी प्यायचे तरी त्यांना गोळे यायचे. पाण्यात थोडे मीठ घातले तेव्हा त्रास कमी झाला. म्हणून अशा कामात नुसत्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून भागत नाही. मीठ घातलेले ताक, लिंबूपाणी किंवा ओआरएस घ्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आहे का ते बघा आणि एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाब लागून पायात गोळे येत असतील तर तेही पाणी-मीठ गेल्याचेच लक्षण आहे. तिथे वेळ घालवू नका.

हा सल्ला सगळ्यांना मात्र लागू नाही. बीपी, हृदयविकार आणि किडनीच्या पेशंटने मिठाचे पाणी आपल्या मनाने पिऊ नये. 'गोळे येतात, केळी खा, नारळपाणी प्या' हा तर आपल्याकडे घरोघरी मिळणारा सल्ला. किडनी खराब असलेल्या माणसाला तोच घातक ठरतो, कारण त्याच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि ते वाढले की हृदय थांबू शकते. डायलिसिसवर असणाऱ्यांना शेवटच्या तासात गोळे येतात, कारण थोड्या वेळात जास्त पाणी काढले जाते. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन जितके कमी वाढेल तितके काढायचे पाणी कमी. म्हणजे तिथे उपाय मीठ वाढवणे नाही, मीठ आणि पाणी आवरणे हा आहे.

उन्हात कष्टाचे काम करताना गोळे आले आणि नंतर लघवी गडद, चहाच्या कोऱ्या डिकॉक्शनसारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यांचा अंश किडनीत जात असल्याची ती खूण असते.

रमजानमध्ये तक्रारी वाढतात हा आमचा अनुभव आहे. दिवसभर पाणी नाही, इफ्तारला तळलेले भरपूर, पाणी कमी, आणि मग तरावीहमध्ये बराच वेळ उभे. सहरीला एकदम दोन-तीन ग्लास ढोसून उपयोग नसतो, बरेचसे पाणी थोड्या वेळात लघवीवाटे जाते. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे प्या. कायद्यात बसताना डावे पाऊल अंगाखाली पालथे असते आणि स्नायू आखूड होतो, तिथे तळव्यात किंवा मांडीत गोळा धरतो. ज्यांना हे वारंवार होते त्यांनी नमाजच्या आधी पाय ताणून घ्यावेत, गरज वाटली तर खुर्ची घ्यावी. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांकडे जाऊन वेळ आणि डोस ठरवून घ्या. रोजा ठेवायचा की नाही हे त्यांच्याशी आणि मग आपल्या आलिमांशी बोलून ठरवा.

हजला जाणाऱ्यांनी तर आधीपासूनच चालायची सवय करावी. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५० अंशांच्या पुढे गेला होता. त्या उन्हात पायात गोळे येणे ही उष्माघाताच्या अगोदरची सूचना असू शकते. गोळा आला तरी रेटत चालू नका. सावली, पाणी, मीठ, आणि मग पुढचे.

औषधांमुळेही होते

बीपीची किंवा सूज उतरवणारी पाण्याची गोळी, दम्याचे काही पंप, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, यांच्याने स्नायू दुखू शकतात किंवा गोळे येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, हकीमजींचे औषधही त्यात आले. मात्र गोळे येतात म्हणून बीपीची किंवा हृदयाची गोळी परस्पर बंद करू नका. पायाचा गोळा सहन होतो, लकवा होत नाही. डॉक्टर गोळी बदलू शकतात, डोस कमी करू शकतात, रक्तातले सोडियम-पोटॅशियम तपासू शकतात.

जे गोळ्यासारखे वाटते पण गोळा नसते

आम्हाला खरी काळजी याची वाटते. साखर असलेले, बिडी-सिगारेट ओढणारे काका म्हणतात, 'चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलो की जातो.' ठराविक अंतर चालले की कळ आणि दोन-चार मिनिटे उभे राहिले की आराम, हे पायाच्या रोहिणीत रक्त अडल्याचे लक्षण असू शकते. रात्री झोपेत येणारा गोळा हा नव्हे. ज्याच्या पायाच्या रोहिण्या तुंबल्या त्याच्या हृदयाच्याही तुंबलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. तपासणी साधी आहे, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. घोट्याचा दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला तर पुढचा तपास करतात. अशा माणसाच्या पायाला महिना-महिना तेल चोळत बसलो तर तोवर जखम चिघळते आणि बोट किंवा पाय कापायची वेळ येते. तंबाखू मात्र त्याच दिवशी सोडावी लागते.

दुसरे, एकाच पायाला सूज, तो गरम आणि लालसर, पोटरी सतत दुखते, ताणली तरी सुटत नाही. ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर, लांबच्या प्रवासानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर असे झाले तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका, मालिश करणाऱ्याला बोलावू नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर श्वास अडकतो. थेट दवाखाना, त्याच दिवशी. दम लागला असेल तर क्षणाचाही उशीर नको.

पायात कळ नाही पण किडे वळवळल्यासारखे वाटते, हलवल्याशिवाय राहवत नाही, संध्याकाळी-रात्री जास्त, हे आणखी वेगळे दुखणे. त्यात शरीरातले लोह कमी असते का ते तपासतात, आणि आपल्या घरातल्या बायकांत ते बऱ्याचदा कमी निघते. हातापायांची बोटे आखडतात आणि ओठांभोवती मुंग्या येतात तेव्हा कॅल्शियम कमी झालेले असू शकते, गळ्यातल्या थायरॉइडचे ऑपरेशन झालेल्यांनी तर हे लगेच कळवावे.

गोळे आठवड्यातून अनेकदा येत असतील, झोप मोडत असेल, पायाची ताकद कमी होत असेल किंवा मांस झडत असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. डॉक्टर बहुधा साखर, किडनी, थायरॉइड आणि क्षारांची रक्ततपासणी सांगतील. जाताना आठ-दहा दिवसांची नोंद वहीत लिहून न्या : किती वाजता आला, कोणत्या पायात, किती वेळ टिकला, दिवसभर काय काम केले होते. आमच्या अम्मींच्या वहीत पहिल्या आठवड्यात पाच रात्री होत्या. डॉक्टरांनी पाण्याची गोळी बदलली, व्यायाम लावून दिला. आता त्यांच्या खाटेशेजारी भिंतीवर पेन्सिलची एक खूण आहे, हात तिथे टेकवायचा म्हणून.