दूरचित्रवाणी रूपांतरे

एका देशात लोकप्रिय ठरलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची दुसऱ्या देशात, तेथील भाषेत व तेथील कलावंतांकडून केलेली पुनर्निर्मिती म्हणजे दूरचित्रवाणी रूपांतर होय. मूळ कार्यक्रम विकत घेऊन केवळ त्यातील संवाद दुसऱ्या भाषेत ध्वनिमुद्रित करणे यात मोडत नाही. भारतातील या व्यवसायाचे एक महत्त्वाचे केंद्र मुंबईचे मालाड उपनगर हे आहे. ‘सोनी’ समूहाच्या वाहिन्या चालविणाऱ्या कंपनीचे कार्यालय मालाड (पश्चिम) येथे असून ‘इंडियन आयडॉल’, ‘जस्सी जैसी कोई नहीं’ आणि २०१० पासून ‘कौन बनेगा करोडपती’ हे परकीय मूळ असलेले कार्यक्रम याच समूहाने प्रसारित केले.

रूपांतराकडे वाहिन्या का वळतात, याचे उत्तर प्रथम व्यवहारात शोधावे लागते. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम हा असा माल आहे, की तो चालेल किंवा नाही हे तो प्रसारित झाल्यावरच कळते. जाहिरातदाराला मात्र पैसे आधी गुंतवावे लागतात. दुसऱ्या देशातील यश हा अशा वेळी हाती असलेला एकमेव पुरावा ठरतो. तो निर्णायक नसला, तरी संचालक मंडळापुढे व प्रायोजकापुढे ठेवण्याजोगा असतो. शिवाय परवान्याबरोबर केवळ कल्पना मिळत नाही. रंगमंचाची मांडणी, प्रकाशयोजना, संगीत, स्पर्धेचे नियम, मूळ निर्मितीत घडलेल्या चुका व त्यांवरील उपाय यांची तपशीलवार मार्गदर्शिका मिळते. वस्तुतः खरेदी होते ती या अनुभवाची.

मूळ कार्यक्रमच आयात करणे याहून स्वस्त पडते. तरीही तो बहुधा टिकत नाही. प्रेक्षक आपली भाषा, आपली वेशभूषा व आपला विनोद यांना झुकते माप देतो. अमेरिकन अभ्यासक जोसेफ स्ट्राउभार यांनी १९९१ मध्ये या प्रवृत्तीची ‘सांस्कृतिक सान्निध्य’ या संज्ञेने चिकित्सा केली. त्याच वर्षी ‘स्टार’ या उपग्रहसमूहाचे इंग्रजी कार्यक्रम भारतात दिसू लागले. परंतु १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘झी’ या हिंदी वाहिनीने मोठा प्रेक्षकवर्ग मिळविला.

भारतातील आरंभीचे उदाहरण मात्र व्यापारी नव्हते. केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे (१९२५–२०११) यांनी मेक्सिकोच्या दौऱ्यात तेथील लोकशिक्षणपर मालिकांची माहिती घेतली. मीगेल साबिदो यांच्या ‘आकोंपान्यामे’ (१९७७) या मालिकेत कौटुंबिक कथेतून कुटुंबनियोजनाचा संदेश गुंफला होता. या पद्धतीवर आधारलेली ‘हम लोग’ ही मालिका दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. पहिल्या तेरा भागांत उपदेशाचा भार अधिक होता व प्रतिसाद बेताचा मिळाला. तेव्हा लेखक मनोहर श्याम जोशी यांनी संदेश मागे सारून निम्नमध्यमवर्गीय कुटुंबाचे हेवेदावे, लग्ने व आकांक्षा पुढे आणल्या आणि मालिका घरोघर पोहोचली. आराखडा मेक्सिकोचा होता. मालिका जगली ती जोशींच्या लेखणीवर. या यशाने जाहिरातदारांचेही लक्ष वेधले; प्रायोजक कंपनीच्या ‘मॅगी’ शेवयांची ओळख अनेक घरांना याच मालिकेच्या आगेमागे झाली.

साबिदो यांच्या पद्धतीत भागाच्या शेवटी एखादी प्रतिष्ठित व्यक्ती प्रेक्षकांशी बोलत असे. ‘हम लोग’मध्ये ते काम अशोककुमार (१९११–२००१) यांच्याकडे आले. अशोककुमार हे मालाडच्याच बाँबे टॉकीजमध्ये रसायनशाळेतील साहाय्यक म्हणून काम करीत असता ‘जीवन नैया’ (१९३६) या चित्रपटाने नायक झाले. हिमांशू राय (१८९२–१९४०) यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने परकीय कथा आणण्याऐवजी परकीय कारागीर आणले. दिग्दर्शक फ्रांट्स ऑस्टेन व छायाचित्रकार योझेफ विर्शिंग हे जर्मन होते. ‘अछूत कन्या’ (१९३६) या भारतीय विषयावरील चित्रपटाचे दिग्दर्शन ऑस्टेन यांचेच आहे. आजची निर्मिती-मार्गदर्शिका जे काम करते, तेच त्या काळी माणसे करीत असत, असे म्हणता येईल. फरक इतकाच, की माणसाकडून शिकलेले कसब शिकणाऱ्याचे होते; मार्गदर्शिकेचे शुल्क मात्र पुन्हा पुन्हा भरावे लागते.

उपग्रह वाहिन्यांच्या काळात परवाना पद्धती रूढ झाली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झालेल्या प्रश्नमंजूषेचे ‘कौन बनेगा करोडपती’ हे रूपांतर ३ जुलै २००० रोजी ‘स्टार प्लस’वर आले व तोवर मागे असलेली ही वाहिनी अग्रस्थानी पोहोचली. नियम, संगीत व प्रकाशयोजना मूळच्या होत्या. अमिताभ बच्चन यांचे आदबशीर हिंदी आणि लहान गावांतून आलेल्या स्पर्धकांशी त्यांचे बोलणे हे मात्र कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हते. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती ठरले. या प्रश्नमंजूषेची मराठी आवृत्ती २०१३ मध्ये ‘ई टीव्ही मराठी’वर सचिन खेडेकर यांनी सादर केली; ‘सोनी मराठी’वर २०१९ मध्ये ते काम नागराज मंजुळे यांनी केले.

कथामालिकांत कोलंबियाच्या फेर्नांदो गायतान यांच्या ‘यो सोय बेट्टी, ला फेआ’ (१९९९) या मालिकेचा प्रवास लक्षणीय आहे. रूपाने सामान्य पण बुद्धीने तल्लख अशी नोकरदार मुलगी ही कल्पना कोणत्याही मोठ्या शहरात रुजू शकते. हिंदीत ती २००३ मध्ये ‘जस्सी’ झाली, जर्मनीत २००५ मध्ये व अमेरिकेत २००६ मध्ये अवतरली. उलट, ज्या विनोदाची मुळे एखाद्या देशाच्या संस्थांत खोल गेलेली असतात, तो सहसा स्थलांतर सोसत नाही. ब्रिटिश नोकरशाहीवरील ‘येस मिनिस्टर’चे ‘जी मंत्रीजी’ (२००१) हे हिंदी रूप फारुख शेख यांच्यासारखा नट असूनही मूळ मालिकेची उंची गाठू शकले नाही.

रूपांतर ही मराठी रसिकाला अपरिचित गोष्ट नाही. गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) ‘हॅम्लेट’वरून, तर गो. ब. देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) ‘ऑथेल्लो’वरून आले. देवलांना त्यासाठी कोणाला शुल्क द्यावे लागले नाही. दूरचित्रवाणी-आराखड्याच्या मालकीचा प्रश्न मात्र कायद्याने अद्याप पुरता सोडविलेला नाही. ह्यूई ग्रीन यांच्या गुणदर्शन स्पर्धेच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९८९ मध्ये असा आराखडा लेखाधिकाराच्या कक्षेत येत नसल्याचा निर्णय दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘स्वयंवर’ या संकल्पनेच्या दाव्यात, विश्वासाने सांगितलेली व पुरेशी विकसित झालेली कल्पना संरक्षणास पात्र ठरते, असे मानून मर्यादित काळासाठी मनाईहुकूम दिला. म्हणून वाहिन्या परवाना घेतात तो बऱ्याच अंशी मार्गदर्शिकेसाठी, नावासाठी आणि दावा टाळण्यासाठी.

अलीकडे हीच पद्धत देशांतर्गत भाषांमध्ये पसरली आहे. ‘स्टार जलसा’वरील बंगाली ‘श्रीमयी’ (२०१९) ही मालिका त्याच वर्षी ‘स्टार प्रवाह’वर ‘आई कुठे काय करते’ या नावाने मराठीत आणि २०२० मध्ये ‘स्टार प्लस’वर ‘अनुपमा’ या नावाने हिंदीत आली. तिन्ही वाहिन्या एकाच समूहाच्या असल्याने येथे परवान्याचा पैसा घराबाहेर जात नाही. कथाबीज एकच असले, तरी मराठी मालिकेतील अरुंधतीचे स्वयंपाकघर, तिचे बोलणे व सासरची नाती यांचे लेखन मात्र मराठीतच नव्याने करावे लागले.