कोलेस्टेरॉलच्या रुग्णांनी विकरांचा अहवाल कसा वाचावा

भिलाई (छत्तीसगड) : कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णांच्या अहवालात मेदाच्या आकड्यांबरोबर एसजीपीटी, सीपीके यांसारख्या विकरांचे, म्हणजेच एन्झाइमचे, आकडेही दिलेले असतात. ते थोडे वाढलेले दिसताच औषध परस्पर बंद करणे हृदयविकाराचा धोका असलेल्यांना घातक ठरू शकते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील ८१.२ टक्के प्रौढांमध्ये रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडलेले आढळले.

मेदाच्या चयापचयात अनेक विकरे भाग घेतात. लायपोप्रोटीन लायपेज ट्रायग्लिसराइडचे विघटन करते. त्याची जन्मजात उणीव असल्यास ट्रायग्लिसराइड अतोनात वाढून स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. एचडीएलला जोडलेले पॅराऑक्सोनेज एलडीएलचे ऑक्सिडीकरण रोखण्यास हातभार लावते. हृदयरोग आणि मधुमेहाच्या रुग्णांमध्ये त्याची सक्रियता कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ही विकरे मात्र नेहमीच्या तपासणीत मोजली जात नाहीत.

नेहमी मोजले जाणारे एसजीपीटी प्रामुख्याने यकृताची, तर सीपीके स्नायूंची स्थिती दर्शवते. स्टॅटिन औषधे यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या विकराला रोखतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले. उपचारादरम्यान एसजीपीटी कमाल सामान्य मर्यादेच्या तिपटीपेक्षा कमी असेल व लक्षणे नसतील, तर औषध सहसा थांबवावे लागत नाही. यकृताला चरबीमुळे सूज असल्यासही एसजीपीटी वाढते. सीपीके दहापटीहून अधिक वाढल्यास मात्र औषध थांबवले जाते. तीव्र स्नायुदुखी, अशक्तपणा किंवा गडद रंगाची लघवी दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे.

सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या भिलाईसारख्या पोलादनगरीत आणखी एक बाब महत्त्वाची आहे. जड अंगमेहनत, व्यायाम किंवा स्नायूत घेतलेले इंजेक्शन यांमुळेही सीपीके तात्पुरते वाढते. त्यामुळे रक्त देण्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांतील श्रमांची माहिती डॉक्टरांना द्यावी.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण व्यक्तींचे एलडीएल १०० मिलिग्रॅमपेक्षा, अतिजोखमीच्या रुग्णांचे ७० पेक्षा, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांसारख्या सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांचे ५५ पेक्षा कमी असावे. हे प्रमाण प्रति डेसिलिटर मोजले जाते. पहिली तपासणी वयाच्या १८ व्या वर्षी करून घ्यावी, असेही त्यात म्हटले आहे.