एका गड्याच्या जागीं दुसरा

खेळाच्या नियमांत इतिहास तो कसला, असें कोणी विचारील. परंतु गड्यानें आपलें एकच काम करावें कीं सर्व कामें अंगावर घ्यावीं, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

अमेरिकेंतील बेसबॉलमध्यें चेंडू फेकणारा गडी बहुधा फलंदाजींत कच्चा. त्याच्याऐवजीं दुसऱ्यानें फटकावें, ही सूचना कॉनी मॅक यांनीं १९०६ सालीं केली. अमेरिकन लीगनें ती १९७३ सालीं उचलली. नॅशनल लीगनें कायमची स्वीकारण्यास २०२२ साल उजाडलें.

क्रिकेटमध्यें असा बदली गडी २००५ सालीं एकदिवसीय सामन्यांत आला नि २००६ सालीं गेला. त्याचें नांव नाणेफेकीपूर्वींच द्यावें लागे. त्यामुळें नाणेफेक जिंकणाऱ्याचेंच फावे. आयपीएलनें २०२३ सालीं हा दोष टाळून ‘इम्पॅक्ट प्लेअर’ आणला. ३१ मार्च रोजीं अहमदाबादेस अंबाती रायुडू यांची फलंदाजी आटोपल्यावर कल्याणचे गोलंदाज तुषार देशपांडे त्यांच्या जागीं उतरले. तो पहिला मान त्यांचा.

पुढल्याच वर्षीं रोहित शर्मा यांनीं हरकत घेतली. शिवम दुबे यांच्यासारख्या अष्टपैलू गड्यास गोलंदाजीच मिळत नाहीं, मग तो तयार व्हावा कसा, हा त्यांचा सवाल. नियमाचे कैवारी म्हणतात, आणखी एका देशी गड्यास संधि मिळते आणि सामन्यास रंग चढतो. नियामक मंडळानें २०२४ सालीं सय्यद मुश्ताक अली स्पर्धेंतून नियम काढला. आयपीएलमध्यें मात्र २०२७ पर्यंत ठेवला. एकाच मंडळाचे हे दोन निर्णय पाहिले, म्हणजे करमणूक आणि जोपासना यांची ओढाताण ध्यानांत येते.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. तरी १९६० सालची मुंबईची कसोटी आठवा. पाकिस्तानविरुद्ध वेगवान गोलंदाज रमाकांत देसाई दहाव्या क्रमांकावर आले, त्यांनीं ८५ धावा काढल्या आणि नाना जोशी यांच्यासह नवव्या जोडीसाठीं १४९ धावांची भर घातली. बदली गडी असता, तर देसायांच्या हातीं बॅट आली असती काय?

आमच्या नाटे गांवीं पोरें खेळूं लागलीं, कीं चेंडू टाकणाराच पुढें बॅट धरतो. सामर्थ्य कोठें दडलें आहे, हें संधीवांचून कळत नाहीं. जाणत्यांच्या स्पर्धेंत नियम खुशाल असावा. शिकाऊ मुलांच्या मैदानांत तो येऊं नये, एवढेंच.