'मोहिनी भस्मासूर' आणि पडद्यावरील पहिली स्त्री : एक पुनर्विचार

प्रस्तावना : 'पहिली भारतीय चित्रपट अभिनेत्री कोण?' या प्रश्नाचे एका ओळीतील उत्तर आपले विद्यार्थी स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतात. त्या उत्तरामागील सामाजिक इतिहास मात्र अभ्यासाबाहेर राहतो. नाशिक जिल्ह्याशी निगडित अशा या घटनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी : दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटात काम करण्यास एकही स्त्री तयार झाली नाही. परिणामी तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्या काळी अभिनय हा कुलीन स्त्रीचा व्यवसाय मानला जात नसे. मराठी रंगभूमीवरही बालगंधर्वांसारखे पुरुष नटच स्त्रीभूमिका गाजवीत होते.

मायलेकींचा प्रवेश : फाळके यांनी नाशिकला मुक्काम हलविल्यावर 'मोहिनी भस्मासूर' हाती घेतला. दुर्गाबाई कामत यांनी त्यात पार्वतीची, तर त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी मोहिनीची भूमिका केली. १९०० साली जन्मलेल्या कमलाबाई त्या वेळी जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंनी लेकीसह फिरत्या नाटक मंडळीत उदरनिर्वाहाचा मार्ग शोधला होता. म्हणजेच पडद्यावरची वाट रंगभूमीवरून आणि निकडीतून आली. मोहिनी हे विष्णूने घेतलेले स्त्रीरूप. पुरुषांनी स्त्रीरूप धारण करण्याच्या त्या युगात हे रूप एका मुलीने साकारावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

पुढील वाटचाल : तथापि या प्रवेशाने दार कायमचे उघडले नाही. फाळके यांच्याच 'लंकादहन' (१९१७) मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळके यांची कन्या मंदाकिनी. तीही घरचीच मुलगी. रंगभूमीवर नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा 'मोहिनी भस्मासूर'च्या निर्मितीस वीस वर्षे लोटली होती.

निष्कर्ष : 'पहिली' हा शब्द घटनेची नोंद करतो, तिची किंमत सांगत नाही. ज्यांना प्रतिष्ठेने आधीच बाहेर ठेवले होते, त्याच मायलेकी हे पाऊल टाकू शकल्या. सटाण्यासह जिल्ह्यातील महाविद्यालयांत स्थानिक इतिहास शिकविताना कमलाबाईंच्या नावाबरोबर दुर्गाबाईंचा निर्णयही विद्यार्थ्यांपुढे मांडला जावा.