अंगठ्याची पुनर्रचना आणि पायाची भरपाई : एक ऐतिहासिक आढावा
(भंडारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याचे अर्थजीवन हाताच्या अंगठ्यावर उभे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. धानाची रोवणी, विडी वळणे, कोशाचे विणकाम, पितळेची भांडी घडविणे या सर्व कामांत अंगठ्याची पकड आवश्यक असते. हाताच्या कार्यक्षमतेत अंगठ्याचा वाटा सुमारे ४० टक्के मानला जातो. तुटलेल्या अंगठ्याच्या जागी पायाचे बोट किंवा त्यावरील ऊती बसविण्याची शस्त्रक्रिया आज परिचित आहे. परंतु ज्या पायाने हे दान दिले, त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात बराच काळ दुय्यम राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पुण्यातील नोंद :
शरीराच्या एका भागातून दुसरा भाग घडविण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. गालाच्या त्वचेने नाक घडविण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत वर्णिली आहे. महाराष्ट्रातील सर्वज्ञात उदाहरण मात्र पुण्याचे आहे. इंग्रजी सैन्यातील गाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून त्याला नवे नाक करून दिले. ही पद्धत क्रूझो व फिंडले या इंग्रज शल्यविशारदांनी पाहिली होती. तिचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला.

या वृत्तांतातील दोन गोष्टी विचारात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, कपाळावरील व्रण काही काळाने फारसा दिसत नाही, एवढाच त्वचा घेतलेल्या जागेचा उल्लेख त्यात आहे. दुसरी अशी की, कावसजीला नाक मिळाले, हात मात्र मिळाला नाही. नाकासाठी त्वचेची घडी पुरली. हातासाठी हाड, स्नायुबंध, मज्जातंतू व रक्तवाहिन्या या सर्वांची जोडणी आवश्यक होती आणि ते ज्ञान त्या काळी कोणाजवळही नव्हते.

पायाच्या बोटापासून अंगठा :
ऑस्ट्रियातील कार्ल निकोलादोनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायाचे दुसरे बोट हातावर बसविले. त्यासाठी रुग्णाचा हात काही आठवडे पायाशी बांधून ठेवावा लागे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र १९६० नंतर विकसित झाल्यावर ही अडचण दूर झाली. १९६६ मध्ये शांघाय येथे यांग डाँग-यूए यांनी पायाचे दुसरे बोट, तर १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन कॉबेट यांनी पायाचा अंगठा हातावर बसविला.

पायाचा प्रश्न येथेच पुढे आला. चालताना जमिनीला रेटा देण्याचे काम मुख्यतः पायाचा अंगठा करतो. दुसरे बोट घेतल्यास पायाची हानी कमी होते. शेजारची हाडे जवळ आणून व त्यांमधील बंध शिवून ती फट बुजविता येते. अंगठा घ्यावयाचाच असल्यास त्याचा मुळाकडील भाग राखण्याकडे शल्यविशारदांचा कल राहिला. १९८० मध्ये मेलबर्न येथील वेन मॉरिसन व सहकाऱ्यांनी पायाच्या अंगठ्याची नख व त्वचा तेवढी गुंडाळीसारखी काढून हातावर बसविण्याची पद्धत मांडली. तिच्यात पायाचा अंगठा शिल्लक राहतो, पण उघडा पडतो. उघड्या हाडावर त्वचारोपण धरत नाही. धरलेले रोपणही दाबाखाली फाटते. म्हणून अंगठ्याच्या आतील बाजूस त्वचेची पट्टी राखणे, हाडाचे टोक आखूड करणे, शेजारच्या बोटाची रक्तपुरवठ्यासह त्वचा वळवून झाकणे असे उपाय पुढे आले. अशा रीतीने पायाची भरपाई हा शस्त्रक्रियेच्या नियोजनाचाच भाग झाला.

भंडारा जिल्ह्याचा संदर्भ :
विदर्भात या शाखेची उभारणी करणाऱ्यांत नागपूरचे डॉ. सी. बालकृष्णन यांचे नाव अग्रगण्य आहे. दुभंगलेल्या ओठ व टाळूच्या विकृतींचे त्यांनी केलेले वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखले जाते. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तथापि, तंत्र जवळ असणे आणि ते रुग्णाच्या जीवनाशी जुळणे या दोन भिन्न बाबी आहेत. विडी वळणारी स्त्री बसून काम करते. तिला हाताचा अंगठा अधिक मोलाचा. रोवणी करणारी स्त्री मात्र चिखलात अनवाणी, वाकून, चवड्यावर भार देत दिवसभर उभी असते. तिला रोपे खोचण्यासाठी अंगठा हवा आणि चिखलात टिकणारा पायही हवा. पातळ रोपण केलेला अंगठा तिच्या पायात वारंवार चिघळला, तर हाताने मिळविलेले पायाने गमावल्यासारखे होईल. कोणते बोट घ्यावे व जखम कशाने झाकावी, याचा निर्णय म्हणूनच रुग्णाच्या व्यवसायाशी निगडित ठरतो.

समारोप :
१७९४ च्या वृत्तांतात त्वचा दिलेल्या जागेला एक ओळ मिळाली. १९८० नंतर ती स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाली. हा बदल केवळ तंत्राचा नसून दृष्टीचाही आहे. तथापि, पादत्राणे घालून पक्क्या जमिनीवर चालणाऱ्या रुग्णांचा अनुभव धानाच्या बांधीत उभ्या राहणाऱ्या रुग्णास जसाच्या तसा लागू करता येणार नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर हाताबरोबरच पायाचीही नोंद, तीही रोवणीच्या हंगामानंतर, ठेवली जाणे अगत्याचे आहे. त्या कामी ग्रामीण महाविद्यालयांतील समाजशास्त्रे व वैद्यकशास्त्र यांनी एकत्र येण्यास पुरेसा वाव आहे.