अणुशक्ति, तपासनीस आणि नागरिक

परळ-लालबागच्या गिरण्यांचीं धुराडीं जेव्हां अहोरात्र धूर ओकत होतीं, तेव्हां तेथील प्रत्येक बॉयलरला सरकारी तपासनिसाचा दाखला लागत असे. १९२३ च्या बॉयलर कायद्यानें तो सक्तीचा केला होता. तपासनीस गिरणीमालकाचा नोकर नसे. त्याची नेमणूक सरकार करी. यामागील तत्त्व साधें होतें. ज्याच्या हातीं उत्पादन, त्याच्याच हातीं सुरक्षिततेचा निवाडा असूं नये. कारण बॉयलर फुटला तर मरणारा मजूर असतो, मालक नव्हे. अणुशक्तीच्या बाबतींत हें तत्त्व कितपत पाळलें गेलें, याचा इतिहासही पुष्कळसा मुंबईंतच घडला आहे.

एप्रिल १९४८ मध्यें अणुशक्तीचें पहिलें विधेयक घटना-समितीपुढें आलें. त्यांतील गुप्ततेवर एस. व्ही. कृष्णमूर्ति राव या सभासदानें आक्षेप घेतला. ब्रिटिश कायद्यांत गुप्तता संरक्षणापुरती आहे. येथें शांततेच्या संशोधनालाही ती कां असावी, असा त्यांचा प्रश्न होता. दोहोंमध्यें रेषा कशी ओढावी हें आपणांस समजत नाहीं, अशा आशयाचें उत्तर पंडित नेहरूंनीं दिलें. विधेयक संमत झालें. त्याच वर्षीं १० ऑगस्टला डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालीं अणुशक्ति आयोग स्थापन झाला. १९५४ सालीं निराळें खातें निघालें. त्याची कचेरी दिल्लीस न जातां मुंबईंत राहिली, आणि पुढें गेटवेनजीकच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतींतून त्याचा कारभार चालूं लागला. १९६२ च्या कायद्याच्या अठराव्या कलमानें माहिती रोखण्याचा अधिकार सरकारकडेच ठेवला. १९६९ सालीं मुंबईच्या उत्तरेस तारापूरचें वीजकेंद्र सुरू झालें.

तपासनीस मात्र उशिरा आला. अणुशक्ति नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं एका सरकारी आदेशानें जन्मास आलें. त्याची कचेरी मुंबईंतच होती. पण तें उत्तरदायी होतें अणुशक्ति आयोगाला, आणि आयोगाचा अध्यक्ष हाच अणुशक्ति खात्याचा सचिव असे. वीजकेंद्रें चालविणारें महामंडळही त्याच खात्याखालीं होतें. बॉयलरचा तपासनीस गिरणीच्याच पेढीवरून पगार घेऊं लागावा, तसाच हा प्रकार होता. त्यांतील माणसें प्रामाणिक नव्हतीं असें मुळींच नव्हे; त्यांना उभें राहावयास दिलेली जागाच अरुंद होती.

तिची कसोटी लवकरच लागली. ३१ मार्च १९९३ रोजीं नरोरा येथील केंद्रांत टर्बाइनच्या दालनास भीषण आग लागली व केंद्राचा सारा वीजपुरवठा कित्येक तास बंद पडला. १३ मे १९९४ रोजीं कैगा येथें बांधकाम चालू असतांना अणुभट्टीचा आंतला घुमट कोसळला. त्या वेळीं मंडळाचे अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन् होते. १९९५ सालीं मंडळानें खात्याच्या सर्व केंद्रांतील सुमारें १३० उणिवांचा अहवाल तयार केला. खात्यानें तो गुप्त ठरविला.

तेव्हां नागरिक पुढें सरसावले. नाना चौकाजवळचें मुंबई सर्वोदय मंडळ आणि नागरी स्वातंत्र्यासाठीं झटणारी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेल्या. मागणी एवढीच, कीं तो अहवाल लोकांना पाहूं द्यावा. सरकारचें म्हणणें, कीं यांतील माहिती शत्रूच्या उपयोगी पडेल. हें म्हणणें पोकळ नव्हतें; कारण त्याच खात्याच्या हातीं संरक्षणाचेंही काम होतें. परंतु १९४८ सालीं जी रेषा ओढतां आली नाहीं, तीच आतां नागरिकाच्या वाटेंत भिंत होऊन उभी राहिली. उच्च न्यायालयानें अर्ज फेटाळले. जानेवारी २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही अठरावें कलम वैध ठरवून अपील नाकारलें. दरम्यान २००० सालीं तुर्भ्याचें भाभा अणुसंशोधन केंद्र मंडळाच्या देखरेखींतून काढून अंतर्गत व्यवस्थेकडे सोंपविण्यांत आलें. मुंबईच्या अगदीं उशाशीं असलेल्या भट्ट्यांवर त्या तपासनिसाचा अधिकार उरला नाहीं.

रत्नागिरी जिल्ह्यांत जैतापूर प्रकल्पासाठीं १६ मे २०१० रोजीं माडबन येथें जनसुनावणी झाली. अहवालाचा मराठी अनुवाद वेळेवर मिळाला नाहीं, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. शिवाय ती सुनावणी पर्यावरणाची. अणुभट्टीच्या सुरक्षिततेचा निर्णय नियामक मंडळाकडे, आणि तेथें लोकांसाठीं सुनावणी नव्हती. प्रश्न एका दारीं, निर्णय दुसऱ्या दारीं! मार्च २०११ मध्यें जपानांत फुकुशिमाचा अनर्थ घडला; पुढील महिन्यांत साखरी-नाटे येथें पोलिसांच्या गोळीबारांत एक इसम प्राणास मुकला. जपानांतही तपासणारें व उत्तेजन देणारें खातें एकच होतें. तेथें २०१२ सालीं तीं वेगळीं केलीं गेलीं. त्याच वर्षीं भारताच्या महालेखापरीक्षकांनीं नियामक मंडळाच्या दुय्यम दर्जावर कडक ताशेरे ओढले. नियमभंगाला कमाल दंड पांचशें रुपये होता, हेंही त्यांनीं दाखवून दिलें. स्वतंत्र प्राधिकरणाचें २०११ चें विधेयक १९१४ च्या नव्हे, तर २०१४ सालीं लोकसभेबरोबरच विसर्जित झालें. अखेर डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें नवा कायदा संमत करून मंडळाला कायद्याचें अधिष्ठान दिलें.

गिरणगांवांतील मजुराला बॉयलरचें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण तपासनीस मालकाचा नाहीं, एवढें त्याला ठाऊक होतें, आणि तेवढ्यावर तो निर्धास्तपणें कामाला जाई. अणुशक्तीच्या शेजारीं राहणाऱ्या नागरिकाची अपेक्षा याहून फारशी मोठी नाहीं. तपासनिसाला स्वतःचा आवाज असावा, आणि तो आवाज बंद कागदांत न राहतां लोकांच्या कानीं पडावा. पहिल्याची सोय कायद्यानें होऊं शकते. दुसऱ्यासाठीं नागरिकाला विचारीतच राहावें लागतें.