एस्केप रूम
एस्केप रूम हा बंदिस्त खोलीत गटाने खेळावयाचा कोड्यांचा खेळ आहे. खेळाडू ठरावीक वेळेत, बहुधा ६० मिनिटांत, खुणा शोधून व कुलपे उघडून सुटका साधतात. अडलेल्या गटाला संचालक बाहेरून संकेत देतो. एकाला सापडलेली खूण सर्वांना कळली, तरच कोडे सुटते. २००७ मध्ये जपानमधील क्योतो येथे ताकाओ काटो यांनी हा खेळ सुरू केला. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे अशी केंद्रे आहेत.

४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन येथील केंद्रात आग लागून वाढदिवसासाठी जमलेल्या १५ वर्षांच्या ५ मुली मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर तेथे देशभर तपासणी झाली. कुलूपबंदीचा अनुभव आभासी असावा. दार मात्र आतून केव्हाही उघडता येणे आवश्यक ठरते.